नो-बेक म्हणे!

गेले काही महिने एक शब्द माझ्या डोक्यात जातोय. 'नो-बेक'. नो-बेक चॉकलेट मार्शमेलो कॅन्डी, नो-बेक फज, नो-बेक बाइट्स. ओव्हन नको, पाक नको, फक्त तीन जिन्नस आणि पाच मिनिटं! शनिवारी दुपारी फोन हातात घेतला की कुणीतरी काचेच्या भांड्यात चॉकलेटचा लगदा ढवळताना दिसतंच. सोमवारी ऑफिसात डबा फिरतो. "घे ना, होममेड आहे." आपण घेतो. गोड लागते. (गोड न लागायला काय झालंय, सगळी साखरच तर आहे.)

माझं भांडण चवीशी नाही. ज्याला आवडते त्याने खावी, मीही दोन तुकडे जास्तच उचलतो. माझं भांडण तीन शब्दांशी आहे. 'नो-बेक', 'घरगुती' आणि 'चॉकलेट'. माझ्या मते तिन्ही शब्द खोटे आहेत, आणि तिघं मिळून आपल्या हातातलं एक चांगलं कौशल्य गुपचूप काढून घेतायत. म्हणणं जरा लांब आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

आधी 'नो-बेक'.

मला सांगा, तुमच्या आईच्या स्वयंपाकघरात गोड म्हणून बेक काय होत होतं? लाडू? नाही. वडी, चिक्की, पेढा, बर्फी, तिळगूळ, साखरभात, शिरा? एकही नाही. फार तर दिवाळीला नानकटाई, आणि तीसुद्धा पत्र्याचा डबा घेऊन कोपऱ्यावरच्या बेकरीत भाजून आणायची. म्हणजे आपलं अख्खं मिठाईशास्त्र पहिल्यापासून 'नो-बेक' आहे. आपण त्याला तसं म्हणत नव्हतो एवढंच, कारण जी गोष्ट मुळात नव्हतीच ती 'नाही' असं पाटीवर कोण लिहितं? मुंबईच्या माणसाला 'बर्फ साफ न करताही चालणारी गाडी' विकण्यातला हा प्रकार आहे.

अमेरिकेत या शब्दाला अर्थ आहे. तिथल्या घरात गोड म्हणजे केक, पाय, कुकीज, आणि त्यासाठी ओव्हन. ऐन उन्हाळ्यात तासभर ओव्हन लावला की अख्खं घर तापतं. तेव्हा 'ओव्हन न लावता होणारं गोड' ही खरीच सोय होती. त्यातला सगळ्यात गाजलेला पदार्थ म्हणजे वितळवलेल्या मार्शमेलोत कुरमुऱ्यांसारखे राइस क्रिस्पीज घालून थापलेल्या वड्या. ही कृती १९३९ साली आली. कुठून? कुणा आजीच्या वहीतून नाही. केलॉग्ज कंपनीच्या गृहविज्ञान विभागातून. मिल्ड्रेड डे आणि मलिटा जेन्सन या तिथल्या दोघीजणी, आणि निमित्त होतं मुलींच्या एका संघटनेसाठी निधी गोळा करण्याचं. पुढे ती कृती खोक्यावर छापून आली. कंपनीचं सीरिअल जास्त खपावं म्हणून कंपनीने दिलेली पाककृती!

यात पाप काही नाही. पण पाककृती आणि जाहिरात यांच्यातला फरक इथे पुसला गेला, तो लक्षात ठेवा. आईच्या वहीतली पाककृती सांगते, 'साखर एक वाटी, पाणी पाऊण वाटी, पाक असा असा.' खोक्यावरची सांगते, 'आमचं एक पाकीट फोडा.' पहिलीत तुम्हाला काहीतरी येतं असं गृहीत धरलेलं असतं. दुसरीत काही येत नसेल तर उत्तम, कारण मग पाकिटाशिवाय तुमचं अडेल.

इंजिनिअर मंडळींना वेगळं सांगायला नको. आपल्या धंद्यात याला डिपेंडन्सी म्हणतात. तीन ओळींचा प्रोग्राम लिहायचा, त्यात दुसऱ्याच्या तीन लायब्ररी ओढायच्या आणि रेझ्युमेवर लिहायचं की सिस्टिम मी बांधली. इंटरव्ह्यूमध्ये अशा माणसाला आपण दोन प्रश्नांत उघडा पाडतो. मग स्वयंपाकघरात त्यालाच 'होममेड' म्हणून टाळ्या का?

आता या कॅन्डीच्या डिपेंडन्सी उघडून बघू. एक, मार्शमेलोचं पाकीट. दोन, चॉकलेटची लादी. तीन, शेंगदाणे किंवा बदामाचे तुकडे. लादी वितळवा, बाकीचं त्यात घाला, फ्रीजमध्ये ठेवा. यात घरी काय झालं? वितळलं आणि गोठलं. दोन्ही कामं भौतिकशास्त्राने केली, आपण फक्त चमचा धरला होता.

इथे मला माझ्या गावाबद्दल बोलायला लागणार, कारण राग तिथून येतोय.

मी कोऱ्हाळे बुद्रुकचा. तालुका बारामती. एका बाजूला सोमेश्वर कारखाना, दुसऱ्या बाजूला माळेगाव कारखाना, आणि मधून निरा डावा कालवा. १८८०च्या दशकात इंग्रजांनी हा कालवा काढला आणि दुष्काळी माळावर ऊस उभा राहिला. हंगामात रात्रभर उसाच्या गाड्या वाजतात आणि हवेला मळीचा वास असतो. पुण्याहून उतरलो की आधी तो वास येतो आणि मग घर येतं. थोडक्यात, साखर म्हणजे आमच्याकडे पदार्थ नाही, हवामान आहे.

आता हा हिशोब बघा. २०२५-२६च्या हंगामासाठी केंद्राने उसाची एफआरपी क्विंटलला ३५५ रुपये ठरवली, १०.२५ टक्के उताऱ्याला. म्हणजे किलोभर उसाला ३ रुपये ५५ पैसे, आणि किलोभर साखरेला साधारण पावणेदहा किलो ऊस. परवा पुण्यातल्या एका मॉलमधून मी मुद्दाम मार्शमेलोचं पाकीट आणलं. २५० ग्रॅम, किंमत पावणेदोनशेच्या घरात. मार्शमेलोत असतं काय? साखर, ग्लुकोज सिरप, पाणी, थोडं जिलेटिन आणि हवा. हो, हवा! आकार बघून फसू नका, बराचसा भाग हवाच असतो. सगळी गोडी उसाच्याच साखरेची धरली तरी २५० ग्रॅममध्ये २०० ग्रॅमच्या वर साखर काही जात नाही. २०० ग्रॅम साखर म्हणजे दोन किलोच्या आतबाहेर ऊस. एफआरपीने सात रुपये. त्यातूनही तोडणी-वाहतूक कापली जाते.

सात रुपये आणि पावणेदोनशे रुपये. सोमेश्वर-माळेगावचे कारखाने एफआरपीच्या वर चांगला दर देणारे म्हणून ओळखले जातात, तरी फार तर सातचे आठ होतील. मधले एकशे सदुसष्ट रुपये कुठे जातात? कारखाना, मशीन, वाहतूक, कर, दुकान, जाहिरात, हे सगळं त्यात आहे, मान्य. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. साखरेचं काहीतरी करता येण्याचं ज्ञान. ते आम्ही विकत घेतो. उसाच्या रानात बसून!

आणि हे काही परदेशी गुपित नाही. वालचंद हिराचंद यांनी १९३३ साली नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ रावळगावला साखरेचा उद्योग उभा केला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या बनायला लागल्या. पान पसंद आणि मँगो मूड आठवतात ना? नुसतं पोतं विकण्यापेक्षा गोळी विकावी, ही अक्कल तेव्हाच होती. (२०२४ साली हे ब्रँड २७ कोटींना रिलायन्सच्या कंपनीकडे गेले, तो वेगळ्या लेखाचा विषय.) याच वालचंदांच्या नावाचं वालचंदनगर आमच्या शेजारच्या इंदापूर तालुक्यात आहे. आणि खुद्द बारामतीच्या एमआयडीसीत इटलीच्या फेरेरो कंपनीने २०११ साली कारखाना सुरू केला. तुमच्या भाच्याच्या हातातला किंडर जॉय आणि तुमच्या खिशातला टिक टॅक तिथे बनतो. म्हणजे साखरेपासून पुढे काय होतं हे बघायला मला मिलानला जायची गरज नाही, एसटीने बारामती पुरे.

पण मला कारखान्याबद्दल बोलायचंच नाहीये. मला चुलीवरच्या पातेल्याबद्दल बोलायचंय.

मार्शमेलो कसा करतात? साखरेचा पाक साधारण ११२ ते ११६ अंशांपर्यंत नेतात. त्या तापमानाला पाकात साखर ८५ टक्क्यांच्या आसपास होते. तो गरम पाक भिजवलेल्या जिलेटिनवर ओततात आणि फुगून पांढरा होईपर्यंत फेटतात. बस्स. इंग्रजी पुस्तकं या टप्प्याला 'सॉफ्ट बॉल' म्हणतात. थंड पाण्यात थेंब टाकला की त्याची मऊ गोळी वळते, म्हणून.

ओळखीचं वाटतंय? आपल्याकडे याला गोळीबंद पाक म्हणतात!

तीच चाचणी, तेच तापमान, आणि नावसुद्धा तेच. वाटीत पाणी घ्यायचं, पाकाचा थेंब टाकायचा, बोटाने गोळी वळते का बघायचं. एकतारी, दोनतारी, गोळीबंद ही सगळी मोजपट्टी आपल्या घरात होती. चिक्कीसाठी त्याच्याही पुढे जायचं. पाण्यात टाकलेला थेंब कडक झाला पाहिजे आणि वाटीच्या कडेला आपटला की टण्ण वाजला पाहिजे. आमच्या भागात गुऱ्हाळं होती तेव्हा गुळव्या हेच करायचा. एवढी मोठी काहील, खाली चुलाण पेटलेलं, आणि हा गडी पाण्यात थेंब टाकून ठरवणार की आता उतरवायची की नाही. दोन मिनिटं इकडेतिकडे झाली तर गूळ एकतर चिकट राहील नाहीतर करपेल. अख्ख्या उसाची किंमत त्याच्या बोटावर. याला स्किल म्हणतात, लिंक्डइनवरच्या ठिपक्यांना नाही.

आता इथे एक इंजिनिअरिंगची गंमत आहे, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. अमेरिकन पुस्तकातला ११५चा आकडा समुद्रसपाटीचा असतो. बारामतीचा भाग समुद्रसपाटीपासून पाचशे मीटरच्या वर आहे. इथे पाणी १०० नाही, ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणजे पाकही दोनेक अंश आधीच गोळीबंदला येतो. परदेशी थर्मामीटर घेऊन, पुस्तकातला आकडा जसाच्या तसा पाळून पाक केलात तर तो तुमच्या हातून पुढे जाणार. आज्जीच्या वाटीतल्या थेंबाला मात्र यातलं काहीच माहीत असण्याची गरज नाही. तो महाबळेश्वरलाही बरोबर आणि मुंबईलाही बरोबर. कारण थर्मामीटर तापमान मोजतो, आणि तापमान हा नुसता अंदाज आहे, पाकात साखर किती झाली असेल याचा. थेंब थेट पाक मोजतो. आपण नाही का म्हणत, मेट्रिक बघू नका, आउटपुट बघा? आज्जी त्याच मताची. मी घड्याळ लावून पाकाजवळ उभा होतो तर म्हणाली, "आरं, पाक आला का न्हाई ते बोटाला इचार, घड्याळाला काय इचारतोस?" मॉनिटरिंगवरची अर्धी पुस्तकं या एका वाक्यात येतात.

आणि पाकात लिंबू का पिळतात? साखर परत दाणेदार होऊ नये म्हणून. आम्लाने साखरेचे थोडे तुकडे पडतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, आणि ते मधे आल्याने साखरेला पुन्हा स्फटिक बांधता येत नाहीत. मार्शमेलोच्या पाकिटावर जे 'ग्लुकोज सिरप' लिहिलेलं असतं ते नेमकं याच कामासाठी. लिंबाच्या चार थेंबांचं काम!

म्हणजे बघा, घरात पाक आहे, चाचणी आहे, लिंबू आहे, साखर तर पोत्याने आहे. आणि आपण त्यावर उपाय काय शोधला? पाक टाळणारी पाककृती. 'नो-बेक'चा खरा अर्थ ओव्हन टाळणं हा नाहीच, ओव्हन आपल्याकडे नव्हताच. टाळला जातोय तो पाक. पाककृतीतून पाक काढल्यावर उरते नुसती कृती, आणि तीही चमचा फिरवण्याची.

(जाता जाता: 'कॅन्डी' हा शब्द फारसी-अरबीतून युरोपात गेला आणि त्याचं मूळ आपल्या 'खंड'मध्ये आहे, म्हणजे खडीसाखरेतला खडा. 'आमच्याकडे पूर्वी विमानं होती' गटातला मी नाही, तेव्हा यावरून छाती फुगवणार नाही. पण नाव आपलं, ऊस आपला, पाक आपला आणि पाकीट मात्र मॉलमधलं, हे जरा लागतं मनाला.)

आता तिसरा शब्द, 'चॉकलेट'. घरगुती चॉकलेटच्या नावाने जी लादी मिळते ती बहुतेक वेळा कंपाउंड असते. चॉकलेटमध्ये कोकोच्या बियांचं लोणी असतं. ते ३४ अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून तोंडात टाकताच पाणी होतं. पण त्याचे स्फटिक सहा प्रकारांनी बांधले जातात आणि त्यातला एकच चांगला, म्हणून ते हवं तसं तापवून निववावं लागतं. कंपाउंडमध्ये ते लोणी काढून वनस्पती तूप घातलेलं असतं. मग काही सांभाळायला नको, वितळवा आणि ओता. स्वस्त पडतं, उन्हाळ्यात टिकतं, मे महिन्यात आमच्या भागात चाळीसच्या वर पारा जातो तेव्हा तर तेच बरं. सोय म्हणून कंपाउंड वापरायला माझी हरकत नाही. हरकत आहे त्याला चॉकलेट म्हणायला. आपले अन्नसुरक्षेचे नियमही कोकोच्या लोण्याऐवजी सरसकट दुसरं तेल-तूप वापरलेल्या मालाला चॉकलेट म्हणू देत नाहीत. डालड्याला साजूक तूप म्हटलं तर सासूबाई बोलतील, मग इथे गप्प का?

आणि मार्शमेलोतलं जिलेटिन! ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतं. ज्यांना चालतं त्यांनी खुशाल खावं. पण आमच्याकडे घरोघर माळकरी आहेत. तुकोबांची पालखी दरवर्षी बारामती-इंदापूरवरून पंढरपूरला जाते, या लोकांनी आयुष्यभर पथ्य पाळलेलं असतं. २००१ पासून आपल्याकडे पाकिटावर हिरवी-तपकिरी खूण सक्तीची आहे. पाकीट फाडून कचऱ्यात टाकलं, तुकडे चॉकलेटात बुडवले, रंगीत कागदात गुंडाळले आणि डब्यात भरले की ती खूण कुठे गेली? डब्यावर लिहिलेलं असतं 'घरगुती', आणि घरगुती म्हटलं की समोरचा विचारतही नाही. गेल्या दिवाळीत आमच्याकडे एका म्हाताऱ्या माळकरी पाहुण्याच्या हातात असा तुकडा दिला गेला. मी चुलत बहिणीला पाकीट मागितलं, त्यावर तपकिरी खूण होती. तुकडा वेळेत परत घेतला. ती बिचारी रडकुंडीला आली. तिची काय चूक? तिने बघितलेल्या व्हिडिओत पाच मिनिटांची गोष्ट होती, खुणेची नव्हती. 'घरगुती' या शब्दावर माणसं डोळे मिटून विश्वास ठेवतात. म्हणूनच तो शब्द स्वस्तात वापरू नये.

सगळ्यात जास्त राग ज्याचा येतो ते आता सांगतो.

माझी वहिनी गावातल्या बचत गटात आहे. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी येऊन गटाला एक दिवसाचं 'चॉकलेट प्रशिक्षण' देऊन गेलं. लादी वितळवा, साच्यात ओता, मार्शमेलो घाला, चकचकीत कागद लावा. साचे आणि लादी त्यांच्याकडूनच घ्यायची, हे ओघाने आलंच. पहिल्या राखीला माल हातोहात गेला, बायका खूश. दुसऱ्या राखीला आसपासच्या गावांत तेच प्रशिक्षण झालेलं, तेच साचे, तीच लादी. भाव पडला. वहिनी म्हणाली, "भाऊजी, सगळ्यांचं सारखंच हाय, मग गिऱ्हाईक माझ्याकडंच का यील?" आमच्या कंपनीतल्या स्ट्रॅटेजीवाल्यांना हा प्रश्न विचारायला चाळीस स्लाइड लागतात.

उत्तर कडू आहे. ज्या मालात तुमचं कौशल्य शून्य, त्यातला नफाही हळूहळू शून्याकडे जातो. उरतो तो लादी विकणाऱ्याचा आणि साचे विकणाऱ्याचा. याच बायका संक्रांतीला काटेरी हलवा करतात. मंद आचेवर खसखशीच्या दाण्यावर चमचा चमचा पाक घालत, हाताने फिरवत, दिवस दिवस. तो शेजारच्या गावाला एका दिवसात शिकवता येत नाही, म्हणून त्याला अजून भाव आहे. गुढीपाडव्याच्या गाठी, बत्तासे, चिक्की, सगळीकडे पाक कळणारा माणूस लागतो. म्हणजे ज्यांच्या बोटांत मार्शमेलो करायची अक्कल आधीच होती, त्यांना आपण शिकवलं काय, तर पाकीट फोडायला. आणि त्याला नाव दिलं 'कौशल्य विकास'!

आता तुमचे आक्षेप. मला ते ऐकू येतायत.

"वेळ कुणाला आहे?" मान्य, नाही. मग विकत आणा आणि विकत आणलंय म्हणा. त्यात कमीपणा कसला? हॉटेलातली बिर्याणी डब्यात घालून 'घरची' म्हणून कुणी खपवत नाही. वेळ नसणं हा गुन्हा नाही. वेळ दिला नसताना दिल्याचं श्रेय घेणं, हे खटकतं.

"म्हणजे बायकांनी परत चुलीपुढे उभं राहायचं का?" हा आक्षेप सगळ्यात खरा आहे. पाक हे ज्ञान होतं तसंच ते ओझंही होतं, आणि ते कुणाच्या डोक्यावर होतं हे मला दिसतं. पण मी हे तुमच्या आईला सांगत नाहीये. तुम्हाला सांगतोय, त्यातही आपल्यासारख्या पुरुष मंडळींना. वीकएंडला तीन तास घालवून कॉफीच्या बिया दळणारे, बाल्कनीत सावरडोचं आंबवण पोटच्या पोरासारखं वाढवणारे आपणच ना? मग एक वाटी पाक करायला काय हरकत आहे? आज्जीकडे ते सक्तीचं काम होतं, आपल्याकडे ते हौसेने येऊ शकतं. ज्ञान टिकवायचं असेल तर ओझं वाटून घ्यायला लागतं.

"लहान मुलांसाठी सोपं असतं हो." लहान मुलाला उकळता पाक देऊ नका, हे मी वेगळं सांगायला नको. पाक अंगावर उडाला तर पाण्यापेक्षा वाईट भाजतो, चिकटून बसतो. पण पाण्यात टाकलेल्या थेंबाची गोळी वळताना मुलाला दाखवा. त्याच्या चेहऱ्यावर जे दिसेल ते पाकीट फोडताना दिसत नाही.

"इतकं काय मनावर घ्यायचं, एक कॅन्डी तर आहे!" हो, एक कॅन्डीच आहे. पण कुठली गोष्ट आपण करतो आणि कुठली नुसती जोडतो, हे कळणं बंद होण्याची सुरुवात अशा छोट्या ठिकाणीच होते.

तर आता नुसतं शिव्या देऊन थांबत नाही. जिलेटिन, अंडं काहीही न घालता घरी मार्शमेलो होतो. काबुली चणे शिजवल्यावर जे पाणी उरतं ते आटवून, अंड्याच्या पांढऱ्यासारखं दाट करून थंड करायचं. त्यातलं अर्धी वाटी पाणी घ्या, त्यात चिमूटभर लिंबूफूल टाका आणि इलेक्ट्रिक फेटणीने आठ-दहा मिनिटं फेटा. पांढराशुभ्र फेस होतो, भांडं उलटं केलं तरी पडत नाही. (चण्याच्या पाण्याची ही करामत युरोप-अमेरिकेत २०१४-१५ साली लक्षात आली आणि त्याला मोठं नावही मिळालं. कटाची आमटी करणाऱ्या लोकांनी डाळीच्या पाण्याला कधी टाकाऊ म्हटलं नव्हतं, एवढंच नोंदवतो.) पाव वाटी पाण्यात दोन चमचे चायना ग्रासची पावडर दोन मिनिटं उकळून पूर्ण विरघळवा. दुसऱ्या भांड्यात एक वाटी साखर आणि पाव वाटी पाण्याचा गोळीबंद पाक करा, गोळी जरा घट्टच असू द्या, कारण पुढे पाणी मिसळणार आहे. चायना ग्रास पाकात आधी घालू नका. ते थंड पाण्यात पडलं की आपोआप गोठतं आणि गोळीची चाचणी फसवते. लिंबूही इथे पाकात नाही, फेसात, कारण आम्लात उकळलं तर चायना ग्रासची पकड ढिली होते. पाक उतरवला की त्यात चायना ग्रास ढवळा आणि फेटणी चालू ठेवून फेसात बारीक धारेने सोडा. तूप लावलेल्या ताटात थापा आणि रात्रभर उघडं वाळू द्या. सकाळी पिठीसाखर-कॉर्नफ्लोअरमध्ये घोळवून वड्या कापा.

बाजारच्यासारखं रबरी ताणत नाही, आधीच सांगतो. जरा भुसभुशीत होतं, वडीच्या नात्यातलं. पण जिलेटिन पस्तीस अंशांच्या आसपास वितळतं आणि चायना ग्रास ऐंशीच्याही पुढे, त्यामुळे आपल्या उन्हाळ्यात हेच जास्त शहाणं. त्यावर खरं चॉकलेट वितळवून घाला, परवडत नसेल तर कंपाउंड घाला आणि कंपाउंड म्हणा. भाजलेले शेंगदाणे घाला. ओव्हन अर्थातच लागत नाही, पण ते पाटीवर लिहायची गरज नाही.

वहिनीच्या गटाने या उन्हाळ्यात याचे तीन घाणे काढले. नाव काय द्यायचं यावर वाद चाललाय. मी 'गोळीबंद' सुचवलंय, वहिनीला ते बंदुकीच्या दुकानासारखं वाटतं. नाव काहीही ठरो, डब्यावर हिरवी खूण, जिन्नसांची यादी, नोंदणीचा नंबर आणि 'पाक गटात केलेला आहे' हे वाक्य येणार हे नक्की. बाकीच्या गावांनी आता आमची नक्कल करून दाखवावी. त्यासाठी त्यांना पाण्यात थेंब टाकून बोटाला विचारायला शिकावं लागेल, आणि शिकलेच तर आमची तक्रार नाही.